रिपोर्ट नॉर्मल, तरी धाप का लागते? लठ्ठ शरीरात हार्ट फेल्युअर ओळखणं अवघड का जातं

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज काहीतरी छापून येतं. त्यातली एक बातमी हृदयाची होती. २०२३ साली सेमाग्लुटाइड या औषधाची ५२९ लठ्ठ रुग्णांवर चाचणी झाली. या सगळ्यांना हार्ट फेल्युअर होतं, पण हृदयाचं पंपिंग मात्र कमी झालेलं नव्हतं. वर्षभरात औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १३ टक्क्यांनी उतरलं, धाप कमी झाली, चालण्याचं अंतर वाढलं.

बातमी चांगलीच आहे. पण मला त्यातली एक अट जास्त बोलकी वाटली. चाचणीत कुणाला घ्यायचं हे ठरवताना रक्तातल्या एका घटकाचा (एनटी-प्रोबीएनपी, त्याबद्दल पुढे येईलच) आकडा हा एक निकष होता, आणि त्या आकड्याची रेघ, म्हणजे मर्यादा, बीएमआयप्रमाणे (उंचीच्या मानानं वजन) बदलत होती. माणूस जितका लठ्ठ, तितका कमी आकडा चालेल असं ठरलं होतं. आजार तोच, तपासणी तीच, मग रेघा वेगळ्या कशासाठी?

कारण लठ्ठ शरीरात हार्ट फेल्युअरचं निदान चुकणं सोपं आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकतं. काहींना आजार असतो, पण ‘वजनामुळे दम लागतोय’ म्हणून घरी पाठवलं जातं. काहींना तो नसतो, पण पायावर सूज बघून लघवीच्या गोळ्या सुरू होतात. माझ्या मते पहिली चूक जास्त महाग पडते, कारण ती करताना सगळ्यांच्या हातात ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद असतो.

हार्ट फेल्युअरमध्ये नेमकं काय बिघडतं

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. हार्ट फेल्युअर म्हणजे ते नव्हे, आणि हृदय बंद पडणंही नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं हृदयाला जमत नाही, किंवा जमतं पण त्यासाठी आतला दाब वाढवावा लागतो, अशी ही अवस्था आहे. डाव्या बाजूचा वाढलेला दाब मागे फुप्फुसांकडे जातो आणि माणसाला धाप लागते. उजव्या बाजूचा दाब वाढला की पाय सुजतात, पोट फुगल्यासारखं होतं.

याचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात हृदयाचा स्नायू दुबळा होतो, पंपिंग (आत भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर जातं) ४० टक्के किंवा त्याहून खाली येतं. हा प्रकार इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सहसा लगेच दिसतो. दुसऱ्यात पंपिंग ५० टक्के किंवा जास्त राहतं, पण स्नायू ताठर झालेला असतो. रक्त आत घेताना तो नीट सैल पडत नाही, त्यामुळे भरतानाच दाब चढतो. लठ्ठपणाशी या दुसऱ्या प्रकाराचं नातं फार घट्ट आहे, आणि निदानाची सगळी गुंतागुंत मुख्यतः इथेच आहे. (४१ ते ४९ टक्क्यांची एक मधली जातही आहे, ती इथे बाजूला ठेवू.)

लक्षणं दोन्हीकडे तीच

जिना चढताना दम लागणं, घोट्यावर सूज, लवकर थकवा, आडवं झाल्यावर जड वाटणं. ही यादी हार्ट फेल्युअरची आहे आणि लठ्ठपणाचीही. पोटाचा घेर मोठा असला की श्वासपटल वर ढकललं जातं, त्यामुळे उताणं झोपल्यावर हृदय ठणठणीत असलेल्या माणसालाही घुसमटतं. वाकून बुटाची नाडी बांधताना दम लागणं हे हार्ट फेल्युअरचं लक्षण म्हणून २०१४ साली वैद्यकीय लेखनात आलं. ज्याचं पोट मोठं आहे त्याला विचारा, त्याला हे रोजचंच असतं.

डॉक्टरांच्या हातातली हत्यारंही इथे बोथट होतात. हार्ट फेल्युअरची सगळ्यात भरवशाची बाह्य खूण म्हणजे मानेतली फुगलेली शीर. मान जाड असेल तर ती दिसतच नाही. स्टेथोस्कोपमधून फुप्फुसाच्या तळाशी येणारी बारीक करकर चरबीच्या थराआड मंदावते. घोट्यावरची सूज शिरांच्या किंवा लसिकावाहिन्यांच्या दोषामुळेही येते. छातीच्या एक्सरेत हृदयाभोवतीची चरबी सावलीत मिसळते आणि हृदय आहे त्याहून मोठं भासतं.

आणि लठ्ठपणा हा काही या गोष्टीतला निरपराध शेजारी नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासातून २००२ साली असा हिशेब आला, की बीएमआय १ने वाढला की हार्ट फेल्युअरचा धोका पुरुषांत ५ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ज्याला ‘वजनामुळेच होतंय’ म्हणून परत पाठवलं, त्यालाच हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे.

रक्ताची तपासणी

लक्षणांवर भरवसा नाही म्हटल्यावर रक्ताकडे वळायचं. १९८१मध्ये कॅनडात आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयातल्या कर्णिकांचा (वरच्या कप्प्यांचा) अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि त्यांची लघवी व लघवीतून जाणारं मीठ एकदम वाढलं. हृदय स्वतः संप्रेरक बनवतं, हे त्यातून पुढे आलं. १९८८मध्ये जपानी संशोधकांना त्याच कुळातलं बीएनपी सापडलं, तेही डुकराच्या मेंदूत. पुढे कळलं की माणसात त्याचा मुख्य कारखाना हृदयातच आहे.

काम असं चालतं. हृदयाची भिंत ताणली गेली की स्नायूपेशी एक मोठं प्रथिन सोडतात. त्याचे दोन तुकडे होतात: बीएनपी, जो काम करतो, आणि एनटी-प्रोबीएनपी, जो निष्क्रिय असतो पण रक्तात जास्त वेळ टिकतो. लॅब यातला एक मोजते. २००२ साली १५८६ रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या माणसात बीएनपीची १००ची रेघ बऱ्यापैकी चांगली चालते. ओपीडीत सावकाश आलेल्या रुग्णासाठी युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं बीएनपी ३५ आणि एनटी-प्रोबीएनपी १२५ या रेघा देतात. आकडा त्याखाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. (एकक सगळीकडे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर.)

त्याच २००२च्या अभ्यासातले रुग्ण पुढे बीएमआयप्रमाणे वेगळे करून पाहिले गेले, तेव्हा गंमत कळली. हार्ट फेल्युअर असलेल्या दर १०० जणांतले ९० पकडायचे, तर सडपातळ लोकांत रेघ १७०वर ठेवली तरी चालत होती. बीएमआय ३५च्या वर असलेल्यांत तेवढेच पकडायला ती ५४पर्यंत खाली आणावी लागली. १००ची एकच रेघ सगळ्यांना लावली की सडपातळ माणसात ती उगीच धास्ती देते आणि लठ्ठ माणसात उगीच दिलासा.

पण लठ्ठ माणसाच्या हृदयावर तर ताण जास्त. मग आकडा कमी का?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि बराच काळ तज्ज्ञांनाही त्याचं धड उत्तर देता येत नव्हतं. सुरुवातीचं स्पष्टीकरण सरळ होतं. चरबीच्या पेशींवर बीएनपी गिळून टाकणारे रिसेप्टर भरपूर असतात. चरबी जास्त, म्हणून सफाई जास्त. पण त्यात एक अडचण आहे. एनटी-प्रोबीएनपी त्या रिसेप्टरला चिकटत नाही, आणि तरी लठ्ठ माणसात तोही कमीच असतो. याचा अर्थ फक्त सफाई जास्त नाही, मुळात उत्पादनच कमी आहे. त्यात इन्शुलिनसारख्या संप्रेरकांचा हात असावा असं मानलं जातं.

दुसरं कारण यांत्रिक आहे आणि मला ते सगळ्यात पटतं. एक फुगा मोकळ्या हवेत फुगवा. आतला दाब वाढतो तसं रबर ताणलं जातं. आता तोच फुगा एका लहान स्टीलच्या डब्यात घालून फुगवा. फुगा डब्याच्या भिंतींना टेकला की पुढे कितीही जोर लावा, आतला दाब चढत जातो पण रबर आणखी ताणलं जात नाही. डबा ताणू देत नाही.

हृदय एका पिशवीत असतं, तिला पेरिकार्डियम म्हणतात. लठ्ठपणात दोन गोष्टी एकदम होतात. शरीरातलं एकूण रक्त वाढतं, त्यामुळे हृदय मोठं होतं. आणि हृदयाला लपेटून असलेली चरबीही वाढते. पिशवीत जागा उरत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या बॅरी बोरलॉग यांच्या गटानं २०१७ साली लठ्ठ रुग्णांमधल्या हार्ट फेल्युअरचं हे वेगळं रूप तपशिलात मांडलं. आतला दाब चढलेला, पण भिंतीवरचा ताण त्या मानानं कमी, कारण बाहेरूनही दाब आहे.

फुप्फुसांना जाणवतो तो आतला दाब. त्यामुळे धाप लागते. बीएनपी मात्र आतल्या दाबावर सुटत नाही, भिंत किती ताणली यावर सुटतं. एकाच हृदयात एक तक्रार खरी आणि दुसरी मुकी, असा हा प्रकार आहे.

मग रेघ सरसकट खाली ओढली की झालं?

काही प्रमाणात तसं केलंही जातं. युरोपातल्या हार्ट फेल्युअर तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३मध्ये सुचवलं, की एनटी-प्रोबीएनपीची रेघ बीएमआय ३० ते ३५ असेल तर २५ टक्क्यांनी, ३५ ते ४० असेल तर ३० टक्क्यांनी, आणि ४०च्या वर असेल तर ४० टक्क्यांनी खाली घ्यावी. कागदावर हे छान दिसतं. अडचण अशी, की लॅबच्या छापील रिपोर्टमध्ये बहुधा एकच रेंज असते. यंत्राला रुग्णाची उंची आणि वजन ठाऊक नसतं, आणि आकड्यापुढे बाण नसला की वाचणाऱ्याची नजर पुढे सरकते.

दुसरी अडचण तत्त्वाची आहे. रेघ खाली घेतली की जास्त आजारी सापडतात, पण जास्त निरोगीही जाळ्यात येतात. शिवाय हा आकडा केवळ वजनावर हलत नाही. वय वाढलं, मूत्रपिंड मंदावलं किंवा हृदयाचे ठोके अनियमित झाले (एट्रियल फिब्रिलेशन) की तो वाढतो. स्त्रियांत तो मुळातच थोडा जास्त असतो. ७८ वर्षांची, बारीक अंगाची, मूत्रपिंडाचा त्रास असलेली बाई आणि ४५ वर्षांचा, बीएमआय ४२ असलेला पुरुष, या दोघांचा आकडा सारखाच आला तर त्यांचा अर्थ एकमेकांच्या विरुद्ध असू शकतो.

‘इको तर नॉर्मल आहे, पंपिंग ६० टक्के!’

हे वाक्य ऐकून रुग्णाचा जीव भांड्यात पडतो. पण पंपिंगचा टक्का म्हणजे भरलेल्या रक्तातलं किती बाहेर गेलं, एवढंच. डाव्या कप्प्यात १२० मिली रक्त भरलं आणि ७२ मिली बाहेर गेलं, तर झाले ६० टक्के. ते १२० मिली भरताना दाब किती चढला, हे त्या टक्क्यात कुठेच नाही. ताठर हृदयाचा दोष नेमका भरण्यात असतो.

भरण्याचा अंदाज इकोमध्ये इतर मोजमापांवरून येतो, आणि लठ्ठ शरीरात तीच फसवी ठरतात. एक तर ध्वनिलहरींना चरबीचा जाड थर ओलांडायचा असतो, चित्र धूसर येतं. (चित्र फारच खराब असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन ते सुधारता येतं.) दुसरी गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात येत नाही, म्हणून ती आकडे मांडूनच दाखवतो.

डाव्या भरणकप्प्याचं, म्हणजे डाव्या कर्णिकेचं आकारमान हे दीर्घकाळच्या दाबाचं चांगलं चिन्ह आहे. दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की ती मोठी होते. पण मोठी म्हणजे कुणाच्या मानानं? म्हणून ते आकारमान शरीराच्या पृष्ठफळानं भागतात, आणि भागाकार ३४ मिली प्रति चौरस मीटरच्या वर गेला की ‘वाढलेली’ असं लिहितात. समजा १५५ सेंटिमीटर उंचीच्या एका बाईंची कर्णिका ६६ मिलीची आहे. वजन ९१ किलो असेल तर पृष्ठफळ साधारण १.९८, भागाकार ३३. रिपोर्ट: नॉर्मल. त्याच बाई ६० किलोच्या असत्या तर पृष्ठफळ १.६१, भागाकार ४१. रिपोर्ट: कर्णिका वाढलेली. कर्णिका तीच, उंची तीच. फक्त खालचा भाजक चरबीनं फुगला. म्हणून अनेक तज्ज्ञ लठ्ठ माणसात पृष्ठफळाऐवजी उंचीच्या मानानं भागायला सांगतात. हे करायला वेगळं यंत्र लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.

गुण मोजून निदान

एकटा कुठलाच आकडा पुरत नाही, तेव्हा सगळे पुरावे एकत्र तोलायचे. २०१८मध्ये मेयो क्लिनिकच्या गटानं अशी एक गुणपद्धत काढली. कारण न सापडलेली धाप घेऊन आलेल्या ४१४ रुग्णांवर ती बेतली होती, आणि त्या सर्वांचं खरं निदान हृदयात नळी घालून पक्कं केलेलं होतं. बीएमआय ३०च्या वर असेल तर २ गुण, रक्तदाबाच्या दोन किंवा जास्त गोळ्या चालू असतील तर १, एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ३, फुप्फुसाच्या धमनीतला दाब इकोत ३५च्या (मिलिमीटर पारा) वर दिसला तर १, वय ६०च्या पुढे १, आणि इकोतलं भरणदाबाचं गुणोत्तर (रिपोर्टमध्ये E/e′) ९च्या वर असेल तर १. एकूण ९. शून्य-एक आले तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही. सहा किंवा जास्त आले तर बहुधा आहेच. मधले दोन ते पाच अधांतरी.

वरच्याच बाईंना पुढे नेऊ. वय ६३, बीएमआय ३८, बीपीच्या दोन गोळ्या, ठोके नियमित, भरणदाबाचं गुणोत्तर ११, फुप्फुसाच्या धमनीतला दाब ३०. एनटी-प्रोबीएनपी ९५, म्हणजे छापील १२५च्या खाली. गुण मोजा: २, १, १ आणि १, एकूण ५. अधांतरी गटाच्या अगदी वरच्या टोकाला. आणि बीएमआयप्रमाणे ३० टक्के कमी केलेली रेघ येते साधारण ८८वर; त्यांचा ९५ तिच्या वर आहे. म्हणजे ‘सगळं नॉर्मल, वजन कमी करा’ म्हणून ज्यांना परत पाठवलं असतं, त्यांची पुढची तपासणी करणं भाग आहे.

या पद्धतीत रक्ताचा आकडा मुद्दाम घेतलेला नाही, हे लक्षात घ्या. टीकाही आहे. लठ्ठपणालाच दोन गुण दिल्यानं प्रत्येक लठ्ठ माणूस दोन गुणांनिशी दारात उभा राहतो, निव्वळ वजनाच्या जोरावर थेट अधांतरी गटात. आक्षेप खरा आहे. म्हणून गुणांकडे शक्यता म्हणून बघायचं; निकाल त्यावर लावायचा नाही.

निकाल कोण देतं?

मानेच्या किंवा हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत नेतात. नळीच्या टोकाशी छोटा फुगवटा असतो, तो फुगवून धमनीची शाखा क्षणभर बंद केली की पलीकडचा, म्हणजे डाव्या बाजूचा दाब मोजता येतो. विश्रांतीत तो १५ (मिलिमीटर पारा) किंवा अधिक असेल तर आजार पक्का. पण सुरुवातीच्या रुग्णात विश्रांतीचा दाब ठीक असतो आणि चालायला लागल्यावरच चढतो. म्हणून नळी आत असतानाच त्याला पडल्या पडल्या सायकलचे पॅडल मारायला लावतात. दाब २५ किंवा त्यावर गेला की धाप हृदयामुळेच, असं मानतात.

ही तपासणी मोजक्याच केंद्रांत होते, आणि प्रत्येक धाप लागणाऱ्या माणसाला तिची गरजही नाही. अधांतरी गटातले, आणि ज्यांच्या उपचाराची दिशा उत्तरावर ठरणार आहे, त्यांच्यासाठी ती. काही ठिकाणी आधी व्यायाम करवून इको करतात.

इथेही एक मेख आहेच. छातीवर आणि पोटावर चरबीचा भार असेल तर छातीच्या पोकळीतला दाबच जास्त असतो, आणि नळीवर मोजलेल्या आकड्यात तोही मिसळतो. त्यामुळे ज्याला आपण अंतिम पुरावा म्हणतो, तोही लठ्ठ शरीरात किंचित वर सरकलेला असू शकतो. तज्ज्ञ श्वासाच्या कुठल्या टप्प्यावर आकडा वाचायचा यावर वाद घालतात, तो याचमुळे.

उलटी चूक

आतापर्यंत निसटलेल्या निदानाबद्दल बोललो. पण लठ्ठ, धाप, पायावर सूज एवढ्यावरून हार्ट फेल्युअरचा शिक्का मारणंही तितकंच घडतं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, लठ्ठपणामुळे श्वास उथळ होऊन रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणं, रक्तक्षय, थायरॉइड, दमा, फुप्फुसातली रक्ताची गुठळी, किंवा वर्षानुवर्षं हालचाल नसल्यानं स्नायूंची गेलेली ताकद, यातलं काहीही धापेमागे असू शकतं. यातली काही कारणं बरी होण्याजोगी आहेत. लघवीच्या गोळ्यांनी त्यातलं एकही बरं होत नाही, उलट क्षार बिघडतात. आणि यातली दोन-तीन कारणं हार्ट फेल्युअरच्या जोडीनंही नांदू शकतात, हे सगळ्यात वैतागाचं.

निदान काहीही असो, सल्ला वजन कमी करायचाच ना?

हा आक्षेप मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. सल्ला अर्धा तोच असतो, पण उरलेला अर्धा बदलतो. एसजीएलटी२ गटातल्या गोळ्या मुळात मधुमेहासाठी आल्या, पण २०२१ आणि २०२२च्या दोन मोठ्या चाचण्यांत पंपिंग टिकून असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही त्यांचा फायदा दिसला, मधुमेह असो वा नसो. निदानच झालं नाही तर ही गोळी या कारणासाठी कुणी लिहून देणार नाही. लघवीच्या गोळ्यांचा डोस, मिठाबद्दलचा सल्ला, एखाद्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनी घ्यायची काळजी, सगळं निदानावर अवलंबून आहे.

आणखी एक परिणाम लांबचा आहे. याच दोन चाचण्यांत प्रवेशासाठी एनटी-प्रोबीएनपी किमान ३०० हवं अशी अट होती, आणि ती सगळ्या वजनाच्या लोकांना एकच होती. म्हणजे ज्या लठ्ठ रुग्णांचा आकडा दबलेला राहतो, ते दारातच गळले. औषधाचा पुरावा ज्यांच्यावर जमा झाला, त्यांत हा गट कमी आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतली बीएमआयप्रमाणे बदलणारी रेघ म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

‘जाड रुग्ण जास्त जगतात’ असंही वाचलंय

अनेक जुन्या अभ्यासांत तसं दिसलं होतं खरं. हार्ट फेल्युअर झालेल्यांत जास्त बीएमआय असलेले थोडे जास्त जगत होते. पण बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि आजारानं खंगलेला माणूस बारीक असतो. २०२३मध्ये एका मोठ्या औषधचाचणीतले आकडे कमरेच्या घेराला उंचीनं भागून पुन्हा पाहिले गेले, आणि इतर घटक जमेला धरले, तेव्हा हा फायदा दिसेनासा झाला.

डॉक्टरांकडे जाताना

उंची, वजन आणि कमरेचा घेर मोजून न्या. ‘दम लागतो’ एवढंच न सांगता केव्हापासून, किती मजल्यांवर, गेल्या वर्षी त्याच जिन्यावर काय होत होतं, ते सांगा. वजन तेवढंच असताना धाप वाढली असेल तर ती वजनावर ढकलता येत नाही. हा एक तपशील अनेकदा पुढची दिशा ठरवतो. रात्री धापेनं जाग येऊन उठून बसावं लागतं का, उशा वाढवाव्या लागल्या का, तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन चढलं का (एवढ्या वेगानं चरबी वाढत नाही, ते पाणी असतं), हेही.

जुने रिपोर्ट ताडताना बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांची सरमिसळ करू नका, दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सॅक्युबिट्रिल (हार्ट फेल्युअरचं एक औषध) असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी औषधामुळेच वाढतं, तेव्हा एनटी-प्रोबीएनपी बघायचं. आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ असेल तर एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘माझ्या बीएमआयला हाच आकडा नॉर्मल धरायचा का?’ बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, बेशुद्धी किंवा ओठ निळे पडणं असेल तर मात्र प्रश्नोत्तरात वेळ न घालवता सरळ तातडीचा विभाग गाठा.

वजन उतरल्यावर आकड्याचं काय होतं?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एनटी-प्रोबीएनपी वाढल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय, आणि रुग्णाला तर बरं वाटत असतं. चरबी कमी झाली की दबलेलं उत्पादन मोकळं होतं, म्हणून आकडा वर. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत मात्र सगळ्यांना हार्ट फेल्युअर होतं, आणि तिथे वजनाबरोबर एनटी-प्रोबीएनपीही उतरलं, नुसतं खोटं औषध (तुलनेसाठी दिलेलं, औषध नसलेलं) घेणाऱ्यांपेक्षा जास्त. दोन ओढी एकाच वेळी चालू असतात: चरबी घटल्यानं आकडा वर जायला बघतो, हृदयावरचा भार हलका झाल्यानं खाली. कुणात कुठली ओढ जिंकेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून वजन १५-२० किलो उतरल्यानंतरचा पहिला रिपोर्ट जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून ‘वाढला की घटला’ असं बघण्यात फारसा अर्थ नाही. तो नवा पाया धरून पुढचे आकडे त्याच्याशी ताडायचे, आणि तोवर जिना, सूज आणि काट्यावरचं वजन यांकडे लक्ष ठेवायचं.